मशीन ओरडायलीय, सिस्टर!

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये अंगाला काही चिकटून राहत नाही. पारा 43-44 अंशांवर गेलेला, माणूस पंख्याखाली बसला तरी पोटरीवरून घामाचे ओघळ, आणि नेमकी त्याच पोटरीवर मला प्लास्टिकची पातळ फिल्म अशी बसवायची असते की तिच्या कडेनं हवा कणभरही आत शिरू नये. ती नीट बसली तर जखम भरायला लागते. नाही बसली तर मशीन कितीही भारीतलं असो, रात्रभर ओरडत राहतं आणि घरातलं कुणी झोपत नाही.

मी नर्स. नोकरीतली बहुतेक वर्षं सर्जिकल वॉर्डात गेली, निवृत्तीनंतर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. अशोक चौक, साखर पेठ, जुळे सोलापूर, कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, कधी मोहोळ-मंगळवेढ्याकडची गावं. डॉक्टर ज्याला ‘निगेटिव्ह प्रेशर वूंड थेरपी’ म्हणतात त्याला आमच्याकडं कुणी ‘व्हॅक’ म्हणतं, कुणी ‘सक्शनची मशीन’. हल्ली ते मशीन खांद्याला अडकवून घरी नेता येतं आणि पेशंटला वाटतं, दवाखान्याची कटकट संपली. ती संपत नाही, घरात येते. वॉर्डात जे काम तीन पाळ्यांतल्या नर्स वाटून करतात ते आता घरातली बाई एकटी करते, आणि तिला ते कुणी शिकवलेलं नसतं. मशीनबद्दल तर सांगणारच आहे, पण माझा जीव त्या बाईत जास्त अडकलाय.

आधी मशीन. जखम सर्जननी साफ केलेली असली पाहिजे. काळा, पिवळा, सडलेला भाग कापून टाकल्याशिवाय व्हॅक लावायचं नसतं. घाणीवर झाकण घातलं की आत पू माजतो. मग जखमेच्या आकाराचा फोम कापायचा. हा फोम काळा, पॉलियुरेथेनचा, आरपार भोकांचा. एकेक भोक 400 ते 600 मायक्रॉनचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कापताना तो जखमेपासून लांब धरायचा, नाहीतर चुरा आत पडतो. फोम फक्त जखमेत, चांगल्या कातडीवर नाही. वरून फिल्म, फिल्मला रुपयाएवढं भोक, भोकावर नळीची चकती, नळीच्या दुसऱ्या टोकाला डबा आणि पंप. बटण दाबलं की पंप आतली हवा ओढतो, हवेमागोमाग जखमेतलं पाणी येतं, आणि फुगलेला फोम डोळ्यांदेखत आक्रसतो. आमच्या जिल्ह्यात द्राक्ष आणि बेदाणा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून घरच्यांना मी एवढंच सांगते: फोम बेदाण्यासारखा सुरकुतलेला दिसला की मशीन काम करतंय, द्राक्षासारखा टम्म दिसला की कुठूनतरी हवा शिरलीय.

समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरएवढा असतो. फिल्मखाली तो साधारण 125 मिलिमीटरनं कमी करतात, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. एवढ्यानं बरंच काही होतं. जखमेच्या कडा एकमेकींकडं ओढल्या जातात. भोवतालची सूज उतरते आणि तिच्याखाली दबलेल्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. फोमच्या प्रत्येक भोकापाशी मांस किंचित वर खेचलं जातं, आणि असा ताण पडला की पेशी वाढायला लागतात. शिवाय जखम वाळतही नाही आणि पाण्यात भिजतही राहत नाही, ओलसर राहते. सगळं नीट चाललं तर दोन-तीन ड्रेसिंगनंतर तळाशी लाल, दाणेदार मांस दिसतं. वॉर्डात आम्ही ‘लाल झाली’ एवढंच म्हणतो; सर्जनना तेवढं पुरतं.

हा 125चा आकडा डुकरांवरच्या प्रयोगांतून आला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या विन्स्टन-सेलम इथले प्लास्टिक सर्जन लुई अर्जेंटा आणि संशोधक मायकेल मॉरिक्वास यांनी ते 1997 साली प्रसिद्ध केले. 125ला जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट झाला. 400 आणि त्यापुढं ओढलं तर उलट कमी झाला. सतत ओढ ठेवली तेव्हा नवं मांस 63 टक्क्यांनी जास्त आलं, थांबून थांबून ओढलं तेव्हा 103 टक्क्यांनी. मग माणसांना थांबून थांबून का लावत नाहीत? कारण डुकरानं तक्रार केली नाही, माणूस करतो. दर वेळी ओढ नव्यानं सुरू झाली की कळ जाते, म्हणून बहुतेक ठिकाणी सततच ठेवतात. त्याआधी 1993 मध्ये जर्मनीत फ्लाइशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाड मोडून उघड्या पडलेल्या जखमांवर फोम आणि सक्शन वापरल्याचं लिहिलं होतं. पण जगभर पसरलं ते अमेरिकेतलं, कारण तिथं त्याचं कंपनीनं विकायचं मशीन झालं.

हे सगळं समजावून सांगितलं की एखादे आजोबा म्हणतातच, “म्हणजे आपली तुंबडीच की!” सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळा लावून रक्त काढण्याचं वर्णन आहे, भोपळ्यात दिवा ठेवून ओढ निर्माण करायची, हे खरं. पण तुंबडी रक्त काढण्यासाठी असते, आणि व्हॅकच्या नळीत ताजं रक्त दिसलं तर मी मशीन बंद करते. अभिमान बाळगा, जखमेवर तुंबडी लावू नका.

तयार मशीन परवडत नव्हतं तेव्हा सरकारी वॉर्डांतून सर्जननी स्वतःच जुळवाजुळव केली. बाजारातला फोम ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक करून काढायचा. नळी म्हणजे नाकातून घालतात ती राइल्स ट्यूब, तिला जास्तीची भोकं पाडलेली. ओढ भिंतीतल्या सक्शनची, नाहीतर ऑपरेशननंतर लावतात त्या दाबून ठेवायच्या ड्रेनच्या डब्याची. कुणी माशांच्या टाकीचा हवेचा पंप उलटा जोडून पाहिला. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातले प्लास्टिक सर्जन डॉ. प्रमोद कुमार यांनी तर फोमच काढून टाकला: जखमेभोवती प्लास्टिकची बंद जागा, अगदी हलकी ओढ आणि मध्ये लांब विश्रांती, अशी त्यांची ‘लिमिटेड ॲक्सेस ड्रेसिंग’ची पद्धत. या जुगाडांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी पाय वाचलेत. पण भिंतीच्या सक्शनला दाब नेमका ठेवणं अवघड, आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. पेशंट भिंतीला बांधला जातो. लघवीला जायचं तर नळी काढा, आल्यावर लावा, तेवढ्यात फिल्म सुटलेली. बाई पेशंट असली तर ती पाणी पिणंच कमी करते, म्हणजे उठावं लागू नये. वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही नर्सला विचारा.

म्हणून पोर्टेबल मशीन आलं तेव्हा मला त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा खांद्यावरचा पट्टा आवडला. साधारण एक किलो वजन, 300 मिलिलीटरचा डबा, आत बॅटरी. पेशंट संडासला जातो, ओट्यावर येऊन बसतो, जेवायला घरच्यांच्या पंगतीत बसतो. 2011 पासून त्याहून छोटा प्रकार आला, पिको नावाचा. पंप खिशात मावतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याला डबाच नाही. जखमेचं पाणी ड्रेसिंगमध्ये मुरतं आणि बरंचसं वरच्या थरातून वाफ होऊन जातं. दाब 80चा, सात दिवस झाले की पंप टाकून द्यायचा. शिवलेल्या टाक्यांवर, उथळ जखमेवर तो चालतो. खोल, खूप पाणी सोडणाऱ्या जखमेचं त्याच्यावर भागत नाही. स्नॅप नावाचा आणखी एक प्रकार स्प्रिंगवर ओढतो, त्याला वीजही नको आणि सेलही नको.

जखमी माणसापाशी दवाखाना न्यायचा, ही गोष्ट सोलापूरकरांनी मात्र आधीच ऐकलेली आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमचे. 1910चा जन्म, 1938 साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ज्या डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते पुढं प्रमुख झाले, ते बेथून ऑपरेशनचं सामान खेचरांवर लादून थेट युद्धाच्या आघाडीपर्यंत जायचे. आणि हे बेथून गेले कशानं? ऑपरेशन करताना बोट कापलं, त्यात जंतू शिरले, नोव्हेंबर 1939 मध्ये रक्तदोषानं गेले. एवढा मोठा सर्जन, बोटाएवढ्या जखमेनं. भैय्या चौकाजवळच्या कोटणीसांच्या घरात आता स्मारक आहे. तिथं जाणारे डॉक्टरांचा पुतळा बघतात. मला तिथं त्यांच्या पत्नीची आठवण होते. कुओ चिंग-लान नर्सिंग शिकवायच्या. ऑपरेशन झाल्यावर त्या जखमा दिवसेंदिवस कुणी बघितल्या असतील, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

माझे आताचे पेशंट युद्धातले नाहीत, साखरेचे आहेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं निघालं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसांची जाणीव जाते. पायातली चप्पल वाटेत निसटून पडलेली माणसाला कळत नाही. घरी आल्यावर बायको विचारते, एक चप्पल कुठाय? अशा पायानं मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, तापलेल्या डांबरावरून चालायचं, नाहीतर गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागं नवस म्हणून बिनचपलेचं फिरायचं. फोड येतो, तो दुखत नाही, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. ज्या दिवशी वास येतो त्या दिवशी दवाखाना. मग बोट काढावं लागतं, कधी अर्धं पाऊल, आणि मागं उरते तळहाताएवढी उघडी जखम. तिच्यावर व्हॅक.

अशाच एका काकांच्या घरची गोष्ट. पॉवरलूमवर काम करणारे, उजव्या पायाची दोन बोटं काढलेली. घर म्हणजे पुढं लूम, मागं राहायची खोली. मावशी बिड्या वळतात. दोघं घरात तेलुगू बोलतात. काकांना “नोप्पी उंदा?” विचारलं की ते मान हलवायचे, नाही म्हणून, आणि मला त्यांच्या ‘नाही’चा अजिबात भरवसा नव्हता, कारण त्यांना पायात काही कळतच नव्हतं. मशीन घरी आलं त्या रात्री फिल्मची एक कड सुटली. मशीन बीप बीप करत राहिलं. पुढं शेजाऱ्याचे लूम रात्रपाळीला चालू, त्या खटखटाटात कुणाला काय ऐकू जाणार? सकाळी मावशींचा फोन, “अक्का, ती मशीन ओरडून ओरडून गप झाली.” बॅटरी संपली होती.

हे गंभीर आहे. ओढ चालू असते तोवर फिल्मखालचं पाणी बाहेर जातं. ओढ बंद पडली की तोच ओला फोम जखमेत बसलेला, वरून हवाबंद झाकण, आणि बाहेर सोलापूरचा उन्हाळा. जंतूंना याहून चांगली सोय कुठली? म्हणून नियम असा, की दिवसाच्या चोवीस तासांत सगळं मिळून दोन तासांपेक्षा जास्त मशीन बंद राहिलं तर फोम काढून टाकायचा आणि सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझचं साधं ड्रेसिंग करायचं. हा नियम मशीनबरोबरच्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका इंग्रजीत असते.

मावशींना मी वेगळं शिकवलं. मांडीवर सूप घेऊन त्या बिड्या वळायच्या. एक जुडी बांधून झाली की मान वर करून काकांच्या मशीनकडं बघायचं: हिरवा दिवा आहे का, फोम सुरकुतलेला आहे का, नळीत काय दिसतंय. कानावर विसंबायचं नाही. तंबाखूचं सूप काकांच्या पायापासून लांब, हे आलंच. रात्री दोन वेळा उठून बघायचं, आणि ते मुलानं करायचं, कारण मावशी पहाटेपासून जाग्या असतात. मुलगा कुरकुरला. त्याला मी फिल्मच्या दोन-चार पट्ट्या दिल्या, गळती कशी शोधायची ते दाखवलं: कड ओल्या बोटानं चाचपायची, स्टेथोस्कोप असेल तर तो लावून सूं-सूं ऐकायचं, सापडली की त्यावर छोटी पट्टी. यंत्राचं काम म्हटल्यावर पोराला त्यात रस आला. बाईनं करायचं काम म्हणून ज्याला हात लावायचा नसतो, तेच दुरुस्ती म्हटलं की पुरुष करतात. मी त्याचा फायदा घेते.

उन्हाळ्यातल्या गळतीचं बहुतेक मूळ कातडीत असतं. आदल्या दिवशी कुणीतरी मायेनं पायाला खोबरेल चोळलेलं असतं. तेलावर फिल्म बसत नाही. मी आधी केस कात्रीनं बारीक करते, कातडी धुते, कोरडी करते आणि मग थांबते. हे थांबणं महत्त्वाचं. अंगावरचा ओलावा जाईपर्यंत मिनिटभर दम धरवत नाही लोकांना. मग टिंक्चर बेंझॉइन किंवा कातडीसाठीचा तयार लेप, तो सुकल्यावर फिल्म, आणि एकदम मोठा तुकडा नाही, पट्ट्या-पट्ट्यांनी. बोटांच्या बेचक्या सगळ्यांत त्रासदायक. तिथं स्टोमाच्या पिशवीसाठी मिळणारी पेस्ट भरून सपाटी करावी लागते. फोमचे किती तुकडे आत घातले ते फिल्मवर पेननं लिहून ठेवते, काढताना तेवढे मोजून बाहेर आले पाहिजेत. दर 48 ते 72 तासांनी हे सगळं नव्यानं.

तुकडे मोजणं हा नर्सचा चोखंदळपणा वाटेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, 2009 साली या मशीनबद्दल सूचना काढली होती. मागच्या दोन वर्षांतले 6 मृत्यू आणि 77 इजा त्यांच्याकडं नोंदल्या गेल्या होत्या. 2011 मध्ये ती बेरीज 12 मृत्यू आणि 174 इजांवर गेली. सर्वांत घातक होता रक्तस्राव. फोमचे तुकडे आत चिकटून राहिल्याच्या, जखम चिघळल्याच्याही तक्रारी होत्या. आणि बहुतेक मृत्यू घरी किंवा वृद्ध-आजाऱ्यांना ठेवतात तशा संस्थांत झाले होते. मशीन तेच, फोम तोच. बाजूला बघणारं माणूस शिकलेलं नव्हतं.

म्हणून कुणाला लावायचं नाही, हे आधी. जखमेत कॅन्सर असेल तर नाही. हाडात पू असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील तर नाही. काळी कोरडी खपली असेल तर नाही. रक्तवाहिनी किंवा आतडं उघडं दिसत असेल तर त्यावर थेट फोम कधीच नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना आठवण करून द्या, त्यांना माहीत असेल असं धरून चालू नका. पायात रक्तपुरवठाच नसेल तर आधी त्याची तपासणी; जिथं रक्त पोचत नाही तिथं नुसती ओढ लावून मांस येत नाही. आणि नळीत एकाएकी लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद, ड्रेसिंग उचकटायचं नाही, वरून हातानं घट्ट दाबून धरायचं, पाय वर, दुसऱ्यानं 108 लावायचा. हे मी प्रत्येक घरात भिंतीवर मार्करनं लिहून येते. रंग खराब होतो म्हणून कुणी नाराज झालं तरी.

पोर्टेबलपणाचा एक तोटा मला अजून कुठल्या माहितीपत्रकात छापलेला दिसला नाही. मशीन खांद्याला लावता येतं म्हणून पेशंट चालायला लागतो! जखम तळपायाला, त्यावर फोम, त्यावर फिल्म, आणि हा त्याच पायावर भार टाकून कोपऱ्यावर चहा प्यायला निघाला. मधुमेहाच्या तळपायाच्या जखमेला सर्वांत जास्त गरज कशाची असेल तर भार काढण्याची. मोहोळकडचे एक पाटील, बागायतदार, व्हॅक लावल्यावर चार दिवसांत शेतावर जाऊन आले. डब्यातलं लालसर पाणी बघून गडी घाबरले, त्यांनीच धरून परत आणलं. मी पाटलांना म्हटलं, मामा, मशीन चालवायचं आहे, पाय नाही. त्यांच्याकडं दुसरी अडचण विजेची होती. गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. त्यांच्या सुनेनं स्वतःहून तोडगा काढला: लाइट आली की दुसरं काहीही करायच्या आधी मशीन चार्जिंगला, मोबाइल नंतर. घरातल्या मोबाइलवेड्या पोरांना तो नियम पाळायला लावला, त्या सुनेचं मला फार कौतुक.

वीज आणि गळती यांचा संबंध परदेशातल्या एका तरुण इंजिनिअरनं फार नेमका ओळखला. 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर एमआयटीतली संशोधक विद्यार्थिनी डॅनिएल झुरोविक घड्यांच्या भात्यासारखा प्लास्टिकचा हातपंप घेऊन तिथं गेली. पंपाची किंमत सुमारे 3 डॉलर. तिच्या कामातून निघालं ते असं, की या पंपांना वीज लागते ती बरीचशी गळती भरून काढायला. झाकण खरोखर हवाबंद असेल तर हातानं दाबलेला भाताही ओढ धरून ठेवतो. हे वाचून मला बरं वाटलं. आम्ही नर्स फिल्मवरून हात फिरवत बसतो तेव्हा कंपनीच्या माणसाला वाटतं, वेळ काढताहेत.

आता खरा प्रश्न, याचा उपयोग किती? इथं मी कंपनीच्या माणसाचंही ऐकत नाही आणि ‘सगळा धंदा आहे’ म्हणणाऱ्यांचंही. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये आर्मस्ट्राँग आणि लेव्हरी यांचा अभ्यास आला: मधुमेहामुळं पावलाचा काही भाग काढलेले 162 पेशंट, 16 आठवडे. मशीन लावलेल्यांत 56 टक्क्यांच्या जखमा भरल्या, साध्या ओलसर ड्रेसिंगवाल्यांत 39 टक्क्यांच्या. चांगला फरक. पण 2020 साली जर्मनीतला मोठा अभ्यास आला, त्यात मधुमेही पायांच्या जखमा 16 आठवड्यांत पूर्ण बंद होण्याचं प्रमाण मशीनवाल्यांत 14.6 आणि बाकीच्यांत 12.1 टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पायाचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या 1,548 जणांचा निकाल आला. टाक्यांवर व्हॅक लावा की साधं ड्रेसिंग, खोलवर पू होण्याचं प्रमाण 5.8 आणि 6.7 टक्के, हाही फरक धरण्याजोगा नव्हता.

या आकड्यांचं मला नवल वाटत नाही. संशोधनाच्या चिठ्ठीवर ‘मशीन लावलं’ एवढंच येतं. फिल्म किती तास धरून होती, पेशंट किती चालला, साखर किती होती, हे घरोघरी वेगळं. आणि साधं ड्रेसिंग रोज, नीट, न चुकता करणारं माणूस असेल तर जखम त्यानंही भरते. फक्त असं माणूस मिळत नाही. रोज दोनदा गॉझ ओढून काढताना होणारा त्रास, खोलीभर पसरणारा वास, ओला बिछाना, हे ज्यांनी काढलंय त्यांना तीन दिवसांतून एकदा ड्रेसिंग म्हणजे किती सुख ते विचारा. तेवढ्यासाठीसुद्धा मी व्हॅकच्या बाजूनं आहे. पण टाक्यांवर सरसकट लावायचं म्हणाल, तर कशाला, असंच विचारेन. मोठ्या खोल जखमेत तळ भरून कातडी रोपायच्या तयारीला यावा, किंवा रोपलेली कातडी हलू नये, यासाठी सर्जन लावतात तेव्हा पैसे वसूल होतात. पुणे रस्त्यावरच्या अपघातात नडगीचं मांस गेलेल्या एका पोराला मी ते होताना पाहिलंय.

पैशांचं सांगायचं तर मशीनचं भाडं रोजचं, फोमचं किट वेगळं, डबा वेगळा. एका किटमध्ये लूमवरच्या कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी जाते. सरकारची आरोग्य योजना, आता महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाची, 2012 च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आमच्या लोकांना ती चांगली ठाऊक आहे. पण ती भरती झालेल्या पेशंटसाठी. घरच्या ड्रेसिंगला खिशात हात घालावाच लागतो. म्हणून भाड्यानं घेताना तीन गोष्टी विचारा: रात्री मशीन बंद पडलं तर माणूस येणार का, बदली मशीन किती वेळात, आणि वापरलेल्या दिवसांचेच पैसे की महिन्याचे. आणि सर्जनना विचारा, किती ड्रेसिंगनंतर थांबायचं. दोन आठवड्यांत जखमेत काहीच बदल दिसला नाही तर मशीन नुसतं चालू ठेवण्यात अर्थ नसतो, कारण दुसरीकडं कुठंतरी असतं: साखरेत, रक्तपुरवठ्यात, हाडात, किंवा पेशंटच्या चालण्यात.

लूमवाल्या काकांची जखम लाल झाली, सर्जननी मांडीची कातडी काढून लावली, ती धरली. मशीन परत गेलं. मावशींना वाटलं, आता सुटलो. मी म्हटलं, आता एमसीआरची चप्पल. मऊ रबराची, मागं पट्टा असलेली, पायाचं माप देऊन करून घ्यायची. मशीनच्या भाड्यापुढं तिची किंमत काहीच नाही, तरी तिच्यावरून जेवढा वाद होतो तेवढा मशीनवरून होत नाही. काकांची आई अजून आहे, नव्वदीची. घरात, देवापुढून, चुलीपाशी चप्पल घालून फिरायचं? तिनं साफ नकार दिला. पण जाणीव गेलेल्या पायाला घरातली फरशीही सुरक्षित नसते. टाचणी, लूमची तुटकी तार, शेंगांची टरफलं. शेवटी आजींशी तडजोड झाली. चपलांचे दोन जोड करायचे. एक उंबऱ्याबाहेर जाणारा, एक कधीच बाहेर न जाणारा. घरातला जोड दर शनिवारी आजी स्वतः धुवून घेतात, आणि धुताना आत काही टोचतंय का ते हात घालून बघायचं, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.